ठेका सैल वाटतोय, पण दोष घड्याळाचा नाही

वाचकाचं पत्र :
ताई, नमस्कार. मी जेल रोडला राहतो, नोट प्रेसमधून निवृत्त झालोय. तरुणपणी पंचवटीत एका गुरुजींकडे तबला शिकलो. नोकरीत तो मागे पडला, आता पुन्हा रियाज सुरू केलाय. मुलीनं वाढदिवसाला इंटरनेटवरची गाणी वाजवणारा स्ट्रीमर आणि आकड्यांतलं गाणं आवाजात बदलणारा, यूएसबीवर चालणारा छोटा डॅक घेऊन दिला. छान वाटत होतं. मग शहरातल्या एका ऑडिओच्या दुकानात गेलो. तिथे सांगितलं, की तुमच्या सेटमध्ये जिटर, म्हणजे आतल्या घड्याळाची थरथर आहे, म्हणून ठेका ढिला वाटतो आणि बायां, म्हणजे डाव्या हाताचा खर्जाचा तबला, पसरतो. स्ट्रीमर आणि डॅकच्या मध्ये लावायचं री-क्लॉकर, म्हणजे वेगळ्या घड्याळाचा डबा, आणि वेगळी केबल, मिळून ४२,००० रुपये. त्यांनी लावून दाखवलं आणि मला फरक स्पष्ट ऐकू आला. घरी आल्यापासून माझा सेट खरंच सैल वाटतोय. रियाजाच्या अ‍ॅपवरही मात्रेचा दिवा आणि ब्लूटूथ स्पीकरमधला लेहरा, म्हणजे तबल्यासाठी आवर्तनभर फिरणारी धून, जुळत नाही, सम हुकते. तेही जिटरच असणार. शिवाय गुरुजींच्या मैफलींच्या कॅसेट्स भाच्यानं कॉम्प्युटरवर घेतल्या, त्यातल्या दोन-तीन स्वरातच उतरल्यात. मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, बाबा, हा तुमचा भास आहे. एवढी बारीक चूक माणसाच्या कानाला कळते का? की वयामुळे माझेच कान बिघडलेत?

उत्तर :
काका, नमस्कार.

पैशांचं आधी सांगते, कारण दुकानातून तुम्हाला पुन्हा फोन येईल. ते ४२,००० रुपये देऊ नका. निदान आत्ता तरी नाही, आणि खाली लिहिलेली चाचणी घरी केल्याशिवाय तर नाहीच.

आता कानांचं. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिघींना तुम्ही एकच नाव दिलंय. अ‍ॅपचा दिवा आणि लेहरा न जुळणं, ही वेळेची खरी चूक आहे आणि ती कुणालाही कळेल. कॅसेटचे स्वर उतरणं हीसुद्धा खरीच चूक. बायां पसरतो म्हणता, त्यातही मला तथ्य वाटतं. पण या तिन्हींपैकी एकाचंही कारण जिटर नाही. म्हणजे मुलगा जिटरबद्दल बरोबर आहे आणि तुमच्या कानांबद्दल चुकतोय. हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाची लहर ठरावीक अंतरानं मोजून आकड्यांत लिहिली जाते. सीडीच्या दर्जाला हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होतं, म्हणजे दोन मापांमध्ये साधारण २२.७ मायक्रोसेकंद. ऐकताना डॅक तेच आकडे त्याच अंतरानं पुन्हा लहरीत बदलतो आणि हे अंतर सांभाळायचं काम आतल्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळाचं. लेहरा धरणाऱ्यानं प्रत्येक मात्रा जागच्या जागी ठेवावी, तसं ते घड्याळ प्रत्येक आकडा जागच्या जागी ठेवतं. अगदी तंतोतंत कुठलंच घड्याळ चालत नाही. एखादा आकडा तसूभर आधी येतो, एखादा तसूभर उशिरा. ही थरथर म्हणजे जिटर.

लेहऱ्याची उपमा मी दिली खरी, पण ती इथेच थांबवायला हवी. दुकानातला गैरसमज नेमका तिथूनच सुरू होतो. घड्याळ थरथरलं की ठेका थरथरणार, असं ऐकताना पटतं. पण आकडे बघा. स्वीडनमधल्या फ्रीबर्ग आणि सुंदबर्ग या संशोधकांनी १९९५ साली मोजलं होतं, की एकसारख्या चाललेल्या ठोक्यांपैकी एक ठोका किती सरकला तर ऐकणाऱ्याला कळतं. जलद लयीत तो आकडा सुमारे ६ मिलिसेकंद निघाला, आणि लय संथ झाली तर दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या अडीच टक्के. तुम्ही तबला वाजवता, तुमचा कान कदाचित याहूनही तयार असेल. आता चांगल्या चालू स्थितीतल्या आजच्या डॅकमधला जिटर बहुधा एका नॅनोसेकंदाच्या आत असतो. एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद. म्हणजे कानाला ठेका हलल्याचं कळायला जेवढं सरकावं लागतं, त्याच्या साठ लाखाव्या भागाएवढी ही थरथर. एवढ्यानं तीनतालातला एकही धा जागचा हलत नाही.

घड्याळ एकूणच मंद किंवा जलद चालत असेल तर? साधा स्फटिक दहा लाखांत पन्नास भागांनी चुकला असं धरलं, तरी तासाभराच्या विलंबित ख्यालात फरक पडेल तो ०.१८ सेकंदाचा. लयीलाही त्याचा पत्ता लागणार नाही आणि स्वरालाही.

मग जिटरनं बिघडतं तरी काय? बिघडतं ते लहरीचं रूप. मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना नसलेले बारीक स्वर उमटतात, आणि थरथर अनियमित असेल तर हलकी खरखर तयार होते. या उपऱ्या स्वरांची ताकद मूळ स्वर किती उंच आहे त्यावर ठरते. १०,००० हर्ट्झचा, म्हणजे झांजेच्या किणकिणाटाच्या वरच्या टोकाचा स्वर घेतला आणि एका नॅनोसेकंदाचा जिटर धरला, तर हे उपरे स्वर मूळ स्वरापेक्षा ९० डेसिबलनं खाली असतात. १,००० हर्ट्झला ११० डेसिबलनं खाली. आणि बायांचा घुमारा ज्या पट्टीत असतो त्या १०० हर्ट्झच्या आसपास तब्बल १३० डेसिबलनं खाली. खोलीतला पंखाच तीस-चाळीस डेसिबलचा आवाज करतो, त्यामुळे तुमच्या हॉलमध्ये हे कुणाला ऐकू जाणं शक्य नाही. शिवाय मूळ स्वराला अगदी चिकटून असलेला क्षीण स्वर त्या मूळ स्वराखाली झाकला जातो. तेव्हा जिटरमुळे बायां पसरला हे म्हणणं मुळातच उलटं आहे. जिटर त्रास देणारच असेल तर तो सगळ्यात आधी वरच्या टोकाला देईल, खर्जात सगळ्यात शेवटी.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही, माणसांना बसवून ऐकवलेलं आहे. डॉल्बी लॅबोरेटरीजमधल्या बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ साली मुद्दाम जिटर मिसळून लोकांना ऐकवला. जिटर सर्वांत सहज पकडता येईल असा १७,००० हर्ट्झचा नुसता स्वर वाजवला, तेव्हा कुठे १० नॅनोसेकंदांच्या आसपास कुणाला फरक कळला. खऱ्या संगीतात २० नॅनोसेकंदांच्या खाली एकालाही कळला नाही. २००५ साली जपानमध्ये आशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग जास्त मोकळेपणानं केला. ऐकायला सरावलेली, व्यवसायानं आवाजात राहिलेली माणसं घेतली, त्यांना आवडेल ती मांडणी आणि आवडेल ते संगीत दिलं. अनियमित जिटर ओळखायला त्यांना काही शे नॅनोसेकंद लागले. तुमचा डॅक बहुधा एका नॅनोसेकंदाच्या आत आहे. एचडीएमआयनं जोडलेल्या काही जुन्या ए.व्ही. रिसीव्हरमध्ये जिटर काही नॅनोसेकंदांपर्यंत गेलेला मोजला आहे, पण तोही या मर्यादेच्या अलीकडेच.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की जिटर मुद्दाम वाढवला तर कान तो पकडतो. पण घरातल्या धड चालणाऱ्या यंत्रात तो कानाच्या टप्प्यात येतच नाही.

दुकानातल्यांना विचारण्यासारखं अजून एक आहे. यूएसबीवर चालणारे आजचे बहुतेक डॅक असिंक्रोनस पद्धतीचे असतात. म्हणजे आकडे आधी डॅकमधल्या साठवणीत येऊन थांबतात आणि डॅक आपल्या स्वतःच्या घड्याळावर ते बाहेर काढतो. डॅकच्या आधी मध्ये कितीही भारी घड्याळाचा डबा लावला तरी शेवटचा ठोका डॅकच्या आतलाच. केबलमधून आकडे थोडे मागेपुढे आले तरी साठवणीत ती अनियमितता संपते. इंटरनेटवर ज्याला जिटर म्हणतात, म्हणजे माहितीच्या पुड्या उशिरा पोचणं, ती गोष्ट तर पूर्णच निराळी. ती वाढली तर गाणं अडकेल, थांबेल, पण ठेका सैल होणार नाही. बाहेरचं घड्याळ लागतं ते स्टुडिओत, जिथे चार-सहा यंत्रं एका ठोक्यावर चालवावी लागतात. एकट्या डॅकला ते जोडलं, तर बाहेरच्या ठोक्याशी जुळवून घेताना थरथर कधीकधी वाढतेसुद्धा.

या सगळ्या चर्चेत स्पीकरकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एकाच पडद्यातून खर्ज आणि तार दोन्ही निघत असतील तर काय होतं बघा. बायांचा घुमारा काढताना तो पडदा मागेपुढे हलतो. समजा, एक मिलिमीटर पुढे आणि एक मिलिमीटर मागे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २.९ मायक्रोसेकंद. त्याच क्षणी त्याच पडद्यातून दायांची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, जी किनार निघतेय, ती दर हेलकाव्याला जवळपास २,९०० नॅनोसेकंद पुढेमागे होते. जिटर होतो तो असाच, फक्त हजारो पट मोठा आणि तोही जगातल्या प्रत्येक खोलीत. महागड्या घड्याळानं त्यातला एक नॅनोसेकंदही कमी होत नाही.

फितीवरच्या गाण्याचंही तसंच. आपल्या नाशकात जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले. त्यांचं गाणं डिजिटल यायच्या कितीतरी आधीचं. त्या काळच्या तबकड्या आणि फिती ज्या यंत्रांवर फिरल्या, त्यांचा वेग थोडा हलायचाच. वेग ०.१ टक्क्यानं, सेकंदाला चार वेळा हलतोय असं धरलं, तर वेळेतली चूक ४० मायक्रोसेकंदांची येते, म्हणजे ४०,००० नॅनोसेकंद. चांगल्या टेपडेकची तेव्हाची पातळी याच्या आसपास होती आणि त्यावर मोठमोठ्या गवयांनी आपलं गाणं तपासून पसंत केलंय. हलणं इतकं सावकाश असतं तेव्हा कान बरंच खपवून घेतो, हेही खरं.

आता, दुकानात फरक ऐकू आला त्याचं काय? आला असेलच, माझी त्याबद्दल शंका नाही. त्यांच्या खोलीत गालिचा असेल, जाड पडदे असतील, स्पीकर भिंतीपासून सुटे असतील. री-क्लॉकर लावल्यावर आवाज किंचित मोठा झाला असेल तर तेवढंच पुरे, कारण अर्ध्या डेसिबलची वाढ आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘मोकळा’, ‘भरीव’ म्हणून जाणवते. दुसऱ्यांदा ऐकताना आपण कुठे लक्ष द्यायचं हेही कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं. हे माझ्या बाबतीत होतं, तुमच्या मुलाच्या बाबतीत होतं, आयुष्यभर रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या बाबतीतही होतं. म्हणून तर या क्षेत्रात डोळे बांधून ऐकायची पद्धत आली. त्याला भास म्हणून हसण्यावारी नेणं मला मुळीच पटत नाही. वडिलांशी बोलताना तर नाहीच.

आणि घरी आल्यावर बायां सैल वाटायला लागला, तो बहुधा आधीपासूनच सैल होता. तुमचं लक्ष आत्ता गेलं. दोन समोरासमोरच्या भिंतींत अकरा फुटांचं अंतर असेल तर साधारण ५० हर्ट्झचा आवाज त्या खोलीत अडकून घुमत राहतो. त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपासचाही. थाप कधीच संपलेली असते आणि खोली मागून गुंजत असते, सेकंदाचा चांगला मोठा भाग. हीदेखील वेळेतलीच चूक, फक्त ती यंत्रात नसून भिंतींत आहे. तुमचे स्पीकर कोपऱ्यात असतील, तर आधी ते कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही पुढे ओढा. खाली सतरंजी किंवा गालिचा टाका, समोरच्या मोकळ्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट येत असेल तर उत्तम. गालिच्यानं खर्ज कमी होणार नाही, वरचा चरचरीतपणा जाईल. खर्जासाठी जागा बदलणं हाच घरचा उपाय. फूटभर सरकवूनसुद्धा जो फरक पडेल त्याला डोळे बांधायची गरज लागणार नाही.

तरीही मनात राहत असेल, तर दुकानातून तो डबा चार दिवस घरी मागा. देत नसतील तर विषय संपला. दिला, तर मुलाला मदतीला घ्या. त्याच्याकडे मल्टिमीटर असेलच. १०० हर्ट्झचा स्थिर स्वर लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर-टोकांवर व्होल्टेज मोजायचं आणि डबा असताना व नसताना ते दोन टक्क्यांच्या आत जुळवून घ्यायचं. दोन टक्के म्हणजे ०.१७ डेसिबल, एवढं जुळलं की आवाजाच्या लहानमोठेपणाचा प्रश्न मिटला. स्वर वाजत असताना मोजायचंय, तेव्हा आवाज हळू ठेवा आणि दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. मग तुम्हाला पाठ असलेला एखादा तबला सोलो लावा. डबा लावायचा की नाही ते मुलानं दरवेळी नाणं उडवून ठरवायचं, कागदावर लिहायचं, आणि तुमच्याशी एक शब्द बोलायचा नाही. चेहराही दिसता कामा नये. तुम्ही फक्त सांगायचं, आहे की नाही. सोळा वेळा करा, पण एका बैठकीत नको, कान थकतात. दोन-तीन संध्याकाळी मिळून करा. सोळापैकी बारा किंवा जास्त वेळा बरोबर आलात, तर नुसत्या नशिबानं तसं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. तेव्हा मुलानं माघार घ्यायची आणि मलाही कळवायचं, मी या सदरात ते छापेन. आठ-नऊच आले, तर ४२,००० रुपये वाचले.

वयाबद्दल विचारलंत. साठीनंतर वरच्या टोकाचे स्वर, १०-१२ हजार हर्ट्झच्या पुढचे, बहुतेकांना कमी ऐकू येतात. तबल्याचं नादसौंदर्य, चाट (तबल्याची कड) आणि लव (कड आणि शाई यांच्यामधला भाग) यांचा फरक, बायांची मींड, हे सगळं त्याच्या पुष्कळ खाली आहे. लयीची जाण तर कानाच्या पडद्यापेक्षा सरावावर जास्त अवलंबून असते. माणसाचे दोन कान मिळून काय करतात ते सांगते. एका बाजूनं आलेला आवाज दोन कानांत वेगवेगळ्या क्षणी पोचतो, आणि आपण यातला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकसुद्धा ओळखून दिशा सांगतो. काही जाहिरातींत हाच आकडा जिटरच्या बाजूनं पुढे करतात, ते बरोबर नाही. एक तर तो दोन कानांमधला फरक आहे, आणि दुसरं, तो १०,००० नॅनोसेकंद आहे. पण कानाची कमाल म्हणून तो आकडा मला फार आवडतो. एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची चाचणी, करून घ्या. नोट प्रेसमध्ये यंत्रांच्या आवाजात इतकी वर्षं काढलीत म्हणून सांगते, तिथल्या कुणालाही मी हेच सांगितलं असतं.

आता अ‍ॅप. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडून वाजवावा लागतो, त्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. पडद्यावरचा दिवा मात्र लगेच लागतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा असते २५० मिलिसेकंदांची. म्हणजे दिवा बघून तुम्ही समेवर धा दिलात, तर लेहऱ्याची सम जवळजवळ एक मात्रा मागून येते. दुकानात ज्याची भीती घातली त्या एका नॅनोसेकंदापेक्षा ही चूक वीस कोटी पटींनी मोठी आहे आणि ती तुम्ही बिनचूक पकडलीत. ती स्थिर असते, थरथरत नाही. त्यामुळे नुसता लेहरा ऐकून वाजवलंत, दिव्याकडे बघितलंच नाही, तरी रियाज बरोबर होईल. मी मात्र साधी ऑडिओ वायर घ्या म्हणेन. फोनला गोल पिनेची जागा नसेल तर यूएसबी-सीचा छोटा जोड मिळतो, एम. जी. रोडला काही शे रुपयांत मिळेल. स्पीकरला ऑक्सची, म्हणजे ती वायर लावायची, जागा आहे का, तेवढं आधी बघून घ्या.

कॅसेट्सबद्दल मात्र मला काळजी वाटते. बाकीचं कधीही सुधारता येईल, गुरुजींच्या मैफली दुसऱ्यांदा होणार नाहीत. त्या फाईली पुसू नका, दुरुस्त करण्याआधी प्रत काढून ठेवा. मग उतरलेल्या फाईलची लांबी बघा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. फाईल ३२ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास निघाली, तर घोळ असा झालाय, की सेकंदाला ४८,००० मापांनी घेतलेलं रेकॉर्डिंग ४४,१०० च्या दरानं वाजतंय. तेव्हा लय मंदावते आणि स्वर जवळपास दीड श्रुतीनं नव्हे, चांगला दीड अर्धस्वरानं उतरतो. काळी दोनमध्ये लावलेला तबला पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मधोमध कुठेतरी लागलेला ऐकू येतो. पेटी जवळ घेऊन तपासा, तुम्हाला क्षणात कळेल. यात रेकॉर्डिंगचं काहीच नुकसान झालेलं नसतं. ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये त्या ट्रॅकच्या मेनूमध्ये जाऊन दर ४८,००० करायला भाच्याला सांगा, स्वर जागेवर येईल.

उतार याहून कमी असेल, किंवा स्वर मध्येच डोलत असेल, तर दोष टेपडेकचा. पट्टा सैल झालाय किंवा फीत ओढणारा रबरी रोलर कडक पडलाय. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच धावायला हवी. डोलणाऱ्या स्वराला कॉम्प्युटरवर सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. डेक दुरुस्त करून घ्या, फीत वाचणारं हेड आणि रोलर स्पिरिटनं पुसा, कॅसेट एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या आणि मगच पुन्हा रेकॉर्ड करा. हेडचा कोन फितीशी जुळला नसेल तर चाटेची धार बोथट येते. हेडशेजारच्या स्क्रूनं तो जुळवतात, पण ते सवयीच्या माणसाकडूनच करून घ्या.

खर्च करायचाच असेल तर इथे करा. रेकॉर्डिंग करताना वेळेची जी चूक आत शिरते ती आकड्यांत कायमची राहते, नंतर कुठलंही घड्याळ ती काढू शकत नाही. साधा, बरा यूएसबी इंटरफेस पुरेल, त्याचं घड्याळ तुमच्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्थिर असतं. रेकॉर्ड करताना दर ४८,००० किंवा ४४,१०० यांपैकी एकच ठरवा, सगळ्या कॅसेटना तोच ठेवा आणि फाईलच्या नावात तो लिहा. सोबत मैफलीची तारीख, साथीदार आणि तबल्याचा स्वर लिहून ठेवा. ही माहिती तुम्हाला ठाऊक आहे, भाच्याला नाही. ज्या कॅसेटची दुसरी प्रत कुणाकडेच नाही, ती सगळ्यात आधी घ्या.